पाचट पेटवण्याआधी : सातारा जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ,
सातारा जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

येत्या गाळप हंगामात तुमच्या कार्यक्षेत्रात जे पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात उरणारा उसाचा सुका पाला, पेटवलं जाणार आहे, त्याची जबाबदारी कारखान्यानं घ्यावी. जे शेतात कुजवता येतं ते कुजवायला लावावं, आणि जे पेटणारच आहे त्याचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजून केलेला कोळसा, करून तो सभासदांच्या जमिनीत परत घालावा. एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. मी कोरेगाव तालुक्यातला ऊस उत्पादक सभासद. घरचा ऊस आहे, आलं आहे, आणि गेली काही वर्षं पाचटाचा बायोचार रानातच करून रानातच घालतो आहे.

शेतकरी हौसेनं काडी लावत नाही, हे आधी सांगायला हवं. तोड संपली की टोळी पुढच्या फडात जाते. वाढे जनावरांसाठी आधीच गेलेले असतात. मागे सऱ्यांमध्ये गुडघाभर पाचट उरतं. पाण्याची पाळी तोंडावर आलेली असते, पाचटानं पाणी तुंबतं, बुडखे छाटायचे असतात आणि मजूर मिळत नाही. शेजाऱ्यानं पेटवलं तर वाऱ्यावर ठिणगी येऊन आपल्या रानाचंही जाणार, ही धास्ती वेगळीच. काडीला पैसे पडत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत रान मोकळं होतं. अलीकडे तर पाला सोलायचा त्रास वाचावा म्हणून तोडीआधीच फड पेटवण्याचा आग्रह होतो. जळीत उसाला कपात लागते, पण ती शेतकऱ्याच्या बिलातून जाते. ज्या मजूरटंचाईमुळे फड पेटतो ती तशीच राहते. म्हणून नुसतं ‘पाचट जाळू नका’ असं फलकावर लिहून हा प्रश्न सुटलेला नाही आणि पुढेही सुटणार नाही. हाताशी माणसं, यंत्र आणि वेळ दिला तरच सुटेल, आणि ते देण्याची ताकद गावपातळीवर आज कारखान्याकडेच आहे. गट ऑफिस तुमचं, शेतकी खातं तुमचं, कुणाच्या रानात कधी तोड पडणार याची यादी तुमच्याकडे, वजनकाटा तुमचा.

जळतं काय, ते मांडतो. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. सुक्या पाल्यात वजनाच्या जवळजवळ ४० टक्के कर्ब (कार्बन) असतो, म्हणजे हेक्टरी ३ ते ४ टन कर्ब. काडी लागली की त्यातला बहुतेक सगळा धुरावाटे हवेत जातो. नत्र आणि गंधकही उडून जातात. पालाश राखेत राहतो खरा, पण राख वाऱ्यानं उडते, पहिल्या पाण्याबरोबर वाहते. आणि हे अशा जमिनीत घडतं जिच्या तपासणीच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्याही खाली आलेला आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. एकीकडे शेणखताची ट्रॉली परवडत नाही म्हणून रडायचं आणि दुसरीकडे रानात आयतं पडलेलं जाळायचं, असं आपलं चाललं आहे.

आता बायोचारविषयी बोलण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण या नव्या गोष्टीच्या नादात तीच विसरली जाण्याची भीती मला वाटते. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, ठेवायचा असेल तर पाचट जाळू नये आणि त्याचा बायोचारही करू नये. ते सरीतच ठेवावं. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही शिफारस तुमच्या प्रत्येक शेतकी अधिकाऱ्याला पाठ आहे. ऊस संशोधनाचं मध्यवर्ती केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पाडेगावला १९३२ पासून आहे. अशी शिफारस पोचवण्यासाठी आपल्याला दूर कुठे जावं लागत नाही. आच्छादनानं पाणी वाचतं, तण दबतं, गांडूळ येतं, आणि कुजताना पाचटातली अन्नद्रव्यं पिकाला मिळतात. बायोचार यातलं सगळं करत नाही. तो खत नव्हे. पाचटातल्या नत्राचा मोठा भाग बायोचार करतानाही उडून जातो. म्हणून जमिनीला जे खाता येतं ते आधी जमिनीला खाऊ द्यावं.

पण सगळंच पाचट असं वापरता येत नाही. खोडवा किंवा निडवा (खोडव्यानंतरचा खोडवा) मोडून आलं, हळद, गहू करायचा असतो तेव्हा ते अडचण होऊन बसतं. पाणथळ पट्ट्यात थरच्या थर साचतात. मोडलेल्या खोडव्याचे बुडखे बांधावर ढिगानं पडून राहतात आणि शेवटी पेटतात. तीच गत तुराट्यांची, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची, माण-फलटणकडे डाळिंबाच्या छाटणीच्या काड्यांची, माळावरच्या घाणेरीची आणि वेड्या बाभळीची. हा सगळा सुका, काडीचा माल. बायोचार याचाच करायचा. मंडईतला भाजीपाला, खरकटं, ओला कचरा यासाठी खत किंवा बायोगॅस हाच मार्ग बरा. ओला माल भाजायला निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

बायोचार म्हणजे हा सुका माल हवा न लागू देता, किंवा अगदी कमी हवेत, साधारण ३५० ते ७०० अंश तापमानाला भाजून उरलेला कोळसा. फरक फक्त वापराचा: हा चुलीत घालायचा नाही, मातीत घालायचा. झाडानं हवेतून घेतलेला कर्ब पालापाचोळा कुजला की काही महिन्यांत, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हवेत जातो. भाजल्यावर त्या कर्बाची रचनाच बदलते. ती जिवाणूंना सहजी फोडता येत नाही, आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षं मातीत टिकतो. अमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळच्या लोकांनी कोळसा, राख, हाडं, खापऱ्या मिसळल्यानं तयार झालेली काळी माती शेकडो वर्षांनंतर आजही आसपासच्या निकस जमिनीपेक्षा सुपीक आहे. हवामान बदलावर काम करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळानं २०१९ मध्ये आपल्या मोजणीच्या पद्धतींत जमिनीतल्या बायोचारचाही समावेश केला. म्हणजे हे आता कुणा हौशी माणसाचं खूळ राहिलेलं नाही.

आकडे मात्र जमिनीवर पाय ठेवून मांडले पाहिजेत. ८ टन पाचटाचा, काम चांगलं झालं तर, दीड ते दोन टन बायोचार होतो. उसाच्या पाल्यात सिलिका जास्त, त्यामुळे राखही जास्त. लाकडाच्या बायोचारएवढा कर्ब यात नसतो, निम्म्याहून थोडा अधिक धरावा. म्हणजे हेक्टरी जेमतेम एक टन टिकाऊ कर्ब. एक हेक्टरच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात बावीसशे टनांच्या आसपास माती असते. त्यात एक टन म्हणजे ०.०५ टक्काही नाही. एका हंगामात माती काळीभोर होणार असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण जो टन जमिनीत गेला तो जमिनीतच राहिला, पुढच्या वेळी त्यावर दुसरा पडला, अशी ही भर आहे. आणि एक टन कर्ब म्हणजे हवेतला साधारण ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड.

यात मला आपल्या जिल्ह्याबद्दल खरा अभिमान वाटतो, कारण पाचटाच्या कोळशाचं काम पुण्या-फलटणकडे फार आधी झालं आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या आरती या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. लोखंडी पिंपांत पाचट कोंबायचं, पिंपं भट्टीत ठेवायची आणि खालून पाचटच जाळून ती तापवायची. या कामाला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा हेतू चुलीसाठी स्वच्छ इंधनाचा होता. फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात उसाच्या पाल्यावर चालणारा गॅसिफायर, म्हणजे पाल्यापासून जळाऊ वायू करणारं यंत्र, केला. त्यातही जोडउत्पादन म्हणून कोळसा निघत होता. हैदराबादच्या क्रीडा या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं तुराट्या, पराट्या, मक्याची ताटं भाजायला पिंपाची सोपी भट्टी केली आहे. याहून मागे जायचं तर पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातला राब बघा. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, काटक्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर बारीक मातीचा पातळ थर टाकायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. मातीमुळे ते भडकत नाही, धुमसत राहतं, आणि तळाशी राखेबरोबर काळा कोळसाही उरतो. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात आणि धूर होतो, म्हणून राबाची भलामण मी करणार नाही. पण भाजलेल्या जागेत रोप जोमानं येतं हे त्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बायका कुठलंही पुस्तक न वाचता सांगतात.

माझ्या रानात मी कसं करतो ते सांगतो, म्हणजे हे किती साधं आहे आणि कुठे नजर ठेवावी लागते ते कळेल. बांधाच्या कडेला, विहिरीपासून नळी पोचेल अशा जागी, तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता असा घमेल्याच्या घाटाचा कमरेएवढा खड्डा आहे. पाचट चांगलं ऊन खाल्लेलं हवं, मुठीत चुरगाळलं की कडाकडा मोडलं पाहिजे. तळात थोडं पाचट ठेवून ते वरून पेटवायचं, खालून नाही. सुटं पाचट टाकलं तर भर्रकन जळून त्याची राख होते, म्हणून पिळून मनगटाएवढ्या जाड जुड्या करून ठेवतो आणि त्या एकेक थरानं टाकतो. मग नजर थराच्या पृष्ठभागावर. काळ्या झालेल्या जुडीच्या कडेवर पांढुरकी राख धरू लागली की खालचा थर झाला, आता वर दुसरा पडलाच पाहिजे. उशीर केला तर कर्ब जळायला लागतो. वर ज्योत असते, ती येणारा सगळा प्राणवायू स्वतःच वापरते. खालच्या थराला हवा मिळत नाही, तो नुसता भाजतो, आणि त्यातून सुटणारा वायू वर येऊन त्याच ज्योतीत जळतो. म्हणून नीट चाललेल्या खड्ड्यावर धूर जवळजवळ नसतो. धूर दिसायला लागला की कुठेतरी बिघडलं: पाचट ओलं आहे, नाहीतर एकदम फार टाकलं आहे. तो धूर नुसता डोळ्यांना झोंबतो असं नाही, त्यात मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. धुराळ भट्टीतून काढलेला बायोचार हवामानाच्या हिशेबात आपली निम्मी पुण्याई तिथेच घालवतो.

खड्डा भरत आला की पाणी सोडायचं, तेही भरपूर, कारण आत निखारा राहिला तर रात्रीत सगळा माल राख होतो. जिथे पाण्याची टंचाई आहे तिथे मातीनं नीट झाकून, हवा बंद करून विझवता येतं, पण मग दुसऱ्या दिवशी उकरताना सांभाळावं लागतं. विझलेला तुकडा हातात घेतला तर पानाची शीर न् शीर तशीच दिसते. चुरडला की बोटं काळी होतात आणि नुसत्या पाण्यानं हात स्वच्छ होतो. बोटांवर तेलकट डाग राहिला तर माल कच्चा आहे, तो पुन्हा भाजायचा. तयार बायोचार सुका असताना कधीही हाताळू नये. त्याची धूळ फुप्फुसात बसते, आणि पोरांना तर त्या खड्ड्याच्या जवळपासही फिरकू देऊ नये.

असा ताजा बायोचार थेट सरीत घातला तर पीक पिवळं पडू शकतं. त्याला असंख्य छिद्रं असतात, आणि रिकामी छिद्रं जमिनीतलाच नत्र धरून बसतात. म्हणून आधी ती भरून द्यायची: गोमूत्र, शेणकाला, बायोगॅसची स्लरी किंवा कंपोस्ट. माझा माल खताच्या खड्ड्यात, दहा भाग खताला एक भाग असा, एक पावसाळा मुरतो आणि मग आल्याच्या बेडवर किंवा उसाच्या सरीत जातो. खत मुरताना अमोनियाचा जो उग्र वास यायचा तो बायोचार घातल्यापासून पुष्कळ कमी झाला आहे. तो नत्र उडायचा थांबला, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं.

इथे कारखान्याची बाजू येते. गाळलेल्या उसाच्या साधारण ३ ते ४ टक्के प्रेसमड (रस गाळून उरणारी मळी) तुमच्याकडे निघतं. त्याचं कंपोस्ट करताना त्यातच गटागटांतून आलेला बायोचार मिसळला तर मुरवण्याचा वेगळा खटाटोपच उरत नाही. काही ठिकाणी प्रेसमड आता सीबीजीसाठी (दाबून भरलेल्या बायोगॅससाठी) जातं. तिथे गॅस काढून उरलेला चोथाही याच कामाला येतो. हे मिश्रण उसाच्या नोंदीवर सभासदाला द्यावं, आणि ज्याच्या रानातलं पाचट त्याला पहिला हक्क असावा. पाचट कारखान्यापर्यंत ओढून आणायच्या फंदात मात्र पडू नका. सुटं पाचट इतकं हलकं असतं की ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर काही भरत नाही. डिझेल त्यातच संपतं. भट्टी रानात न्यावी आणि माल आणावा. वजन पाचव्या-चौथ्या हिश्शावर येतं. प्रत्येक गट ऑफिसकडे दोन-तीन फिरत्या लोखंडी भट्ट्या, गाठी बांधणारं एक बेलर, पाण्याचा टँकर आणि गावातल्या पाच-सहा पोरांची रोजंदारीवरची टोळी, एवढ्यावर सुरुवात होते. जिथे तोड झाली तिथे पाठोपाठ ही टोळी गेली पाहिजे, कारण शेतकरी थांबेल तो पाण्याच्या पाळीपर्यंतच. हे काम ऊसतोड मजुरांच्या गळ्यात फुकट मारू नका. त्यांनी करायचं ठरवलं तर त्याची मजुरी वेगळी.

आणखी एक धोका आताच सांगून ठेवतो. बॉयलरची राख म्हणजे बायोचार नव्हे. कुणीतरी ती पोत्यात भरून छान नाव देऊन सभासदांच्या माथी मारेल, तेव्हा तुमच्या शेतकी खात्यानं आडवं यावं. तसंच भट्टीत ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपरचे तुकडे, सुतळीऐवजी वापरलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या जाता कामा नयेत. आमच्या आल्याच्या आणि वरच्या भागातल्या स्ट्रॉबेरीच्या रानात या वस्तू पालापाचोळ्यात मिसळलेल्याच असतात. ते विष एकदा मातीत गेलं की काढता येत नाही. आणि बायोचारसाठी झाड तोडायचं नाही, हे लिखित नियम म्हणून हवं. कोळशासाठी डोंगर कसे बोडके झाले आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कातकऱ्यांची किती पिळवणूक झाली, हे सह्याद्रीच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कुठल्या जमिनीत काय अपेक्षा ठेवायची. २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात बायोचारमुळे उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, आणि थंड, समशीतोष्ण देशांत सरासरी वाढ दिसलीच नाही. कारण असं की उष्ण कटिबंधातल्या त्या बहुतेक जमिनी आम्लधर्मी आणि निकस होत्या. बायोचारमधल्या राखेनं त्यांचा सामू (पीएच) वर आला. कृष्णाकाठच्या आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानांचा सामू आधीच आठच्या आसपास आहे. पाचटाचा बायोचार स्वतः अल्कधर्मी. म्हणजे कऱ्हाड-कोरेगावच्या भारी रानात टनेज पंचवीस टक्क्यांनी वाढेल असं सांगून बायोचार विकणं ही फसवणूक ठरेल. क्षारपड रानात तर आधी निचऱ्याचे चर, मग बाकीचं. भारी जमिनीत जे मिळेल ते सावकाश मिळेल: भुसभुशीतपणा, खताची धरण, जिवाणूंना आसरा, आणि कर्बाचा साठा.

पण आपला जिल्हा काही नुसता कृष्णाकाठ नाही. माण-खटावच्या हलक्या, मुरमाड रानात घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तिथे बायोचार आणि कंपोस्ट मिळून ओल धरून ठेवायला मदत करतात. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणची जांभ्याची जमीन आम्लधर्मी, धुवांधार पावसानं धुतलेली. जगभरच्या प्रयोगांत बायोचारचा गुण दिसला तो अशाच जमिनीत. पाचट आहे मधल्या बागायती पट्ट्यात आणि गरज मोठी आहे दोन्ही टोकांना. म्हणून माझी मागणी थोडी पुढे जाते. आपल्या उसाला पाणी येतं ते याच डोंगरातून. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयनाही तिथलीच. धरणाखाली जमिनी गेल्या त्या जावळी-पाटणच्या लोकांच्या. जमणाऱ्या बायोचारचा ठरावीक हिस्सा त्या वरच्या गावांच्या भातखाचरांना आणि नाचणीच्या रानांना वाहतूक खर्चात द्यावा. ऊस तिथे नाही, म्हणून ते तुमचे सभासद नसतील. तरी ती या नदीची माणसं आहेत.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही, कारण तोच घेऊन माणसं तुमच्या दारात येणार आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं वराहा या भारतीय कंपनीशी करार केला: २०३० पर्यंत बायोचारमधून १ लाख टन कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेतून काढलेल्या कार्बन डायऑक्साइडचं विकता येणारं प्रमाणपत्र. म्हणजे मातीत कर्ब गाडण्याला आता गिऱ्हाईक आहे. समजा एखाद्या कारखान्याकडे १०,००० हेक्टर उसाची नोंद आहे आणि त्यातल्या फक्त पाचव्या हिश्शाचं, २,००० हेक्टरचं पाचट जळायचं वाचवून भाजलं. हेक्टरी ८ टनांनी १६,००० टन पाचट, त्याचा रानातल्या भट्टीत पाचवा हिस्सा धरला तर ३,२०० टन बायोचार. त्यात ५५ टक्के कर्ब धरला तर १,७६० टन कर्ब, म्हणजे साधारण साडेसहा हजार टन कार्बन डायऑक्साइड. भट्टीतून सुटलेला वायू, वाहतूक आणि काळाच्या ओघात झिजणारा हिस्सा वजा करून क्रेडिट त्याहून कमी मिळतील. तरीही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही.

ती कुणाची, हे आधी ठरलं पाहिजे. करार मराठीत असावा आणि तो सर्वसाधारण सभेत वाचला जावा. सातबारावर ज्याचं नाव आहे त्याचा हिस्सा, वाट्यानं कसणाऱ्याचा हिस्सा, भट्टीवर राबणाऱ्यांचा हिस्सा आणि कारखान्याचा खर्च, हे चारही आकडे त्यात स्पष्ट हवेत. क्रेडिट विकलं की ती कर्बबचत विकत घेणाऱ्याची झाली. मग तीच आपल्या अहवालात कारखान्याची कामगिरी म्हणून छापता येणार नाही. वजन नेमकं हवं. काट्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात किती जुनी शंका आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून बायोचारचं वजन आणि त्यातली ओल सभासदासमोर मोजून पावती द्यावी. पैसा लांबला किंवा आलाच नाही तरी काम थांबू नये, एवढंच ते स्वस्तात उभं करावं. नुसत्या क्रेडिटच्या आशेवर मोठी यंत्रं घेऊन कर्ज करून ठेवण्याला माझा विरोध आहे.

मोजमापाबद्दल आणखी एक. नेहमीच्या माती तपासणीत सेंद्रिय कर्ब ज्या रासायनिक पद्धतीनं काढतात, तीत कोळशाच्या रूपातला कर्ब पुरता पकडला जात नाही. म्हणून जमीन आरोग्य पत्रिकेतला आकडा लगेच हलला नाही तर सभासद नाराज होतील. त्यांना हे आधी सांगा. आणि पाडेगावच्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन भारी, मुरमाड आणि जांभ्याच्या अशा तिन्ही जमिनींत तुलनेचे प्लॉट टाका: एक नुसतं आच्छादन, एक बायोचारयुक्त कंपोस्ट, एक नेहमीसारखं. किमान एक आडसाली (साधारण दीड वर्षाच्या उसाची) लागण आणि तिचा खोडवा होईपर्यंत निष्कर्ष जाहीर करू नका. तोवर टनेज, पाणी आणि खताचा खर्च यांची नोंद कुणाही सभासदाला बघता येईल अशी गट ऑफिसात ठेवा. परिणाम दिसला नाही तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगा.

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. ऊस विकास योजनेच्या विषयाखाली पाचट हा स्वतंत्र मुद्दा यंदा विषयपत्रिकेवर घ्या. निदान दोन गट निवडा: एक बागायती आणि एक हलक्या रानाचा. भट्ट्या ऑक्टोबरमध्ये तयार असल्या तर पहिल्या तोडीपासून काम धरता येईल. भट्टी कशी चालवायची ते दाखवायला मी तुमच्या कुठल्याही गट ऑफिसला येईन. वाळलेलं पाचट, पाण्याची सोय आणि हाताखाली दोन माणसं, एवढं तिथे असलं म्हणजे झालं.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा